जामूवालीचा गुडघा

"काय झालं, यू? काही हरवलं का?" बू विविकने फाटकातून विचारलं.

"बूच हो," मी म्हटलं. "कडूच्या बाटलीचं बूच इथंच कुठंतरी गडगडलं."

बूच माझ्या मुठीत होतं. पेला विसळायला म्हणून बादलीपाशी उकिडवी बसले, पेला विसळून झाला, पुसून झाला, आणि उठायला गेले तर उजव्या गुडघ्याने साफ नकार दिला. आतून कुणीतरी सुरी फिरवावी तशी कळ गेली. म्हणून मी गटाराच्या कडेने हात चाचपडत बसले होते. बू विविक, म्हणजे विविकबाई, मनाने चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. जामूवालीला उठता येत नाही हे तिला कळलं असतं, तर दुपारच्या आत ते रेल्वेच्या रुळापलीकडे पोचलं असतं.

"थांबा, मी बघते," म्हणत ती वाकली. चटकन वाकली, चटकन उठली. काय ते वाकणं! मी बघतच राहिले.

"सापडलं, सापडलं!" मी म्हटलं. ती आत वळल्यावर फाटकाचा गज धरला, दात आवळले आणि उभी राहिले. मग टोपली. ती पाठीवर घ्यायची तर पुन्हा खाली वाकायचं, शेला खांद्यावरून ओढून छातीशी गाठ मारायची आणि भरल्या बाटल्यांसकट उठायचं. कशी उठले ते माझं मला माहीत. गल्लीच्या टोकापर्यंत मात्र सरळ चालत गेले. बू विविकच्या खिडकीतून ते टोक दिसतं.

जावातल्या सोलो शहराच्या या गल्ल्यांत मी आयुष्यभर जामू, म्हणजे झाडपाल्याचा औषधी रस, विकत आले. आई विकायची. तिची टोपली आणि तिचा पट्ट्यापट्ट्यांचा शेला तिच्या पाठीवरून माझ्या पाठीवर आला. हळद-चिंचेचा, तांदूळ-कचोऱ्याचा गोड, आणि किराइताचा कडू. कडू आधी, गोड वरून. आईचा धडा एकच होता. "पोनी, जामूवालीचं अंग हीच तिची पाटी. खोकणाऱ्या बाईच्या हातचं औषध कोण घेईल?" त्यामुळे ताप असो, नवरा गेलेला असो, केस चोपून अंबाडा बांधायचा, तोंडाला पावडर लावायची, सारोंग नीट नेसायचा आणि हसत हाक मारायची. नवरा गेला त्या आठवड्यातही मी हसतच हाक मारली होती.

आता आली का पंचाईत? मी विकते सांधेदुखीवरचा कडू, आणि माझाच गुडघा गेलेला. कुणाला सांगते? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यात सुवांदी मास्तर. बू विविकच्या समोर राहतात. शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना पाक गुरू म्हणतात. अर्धी गल्ली त्यांच्या शिट्टीवर हात वर-खाली करत मोठी झाली आहे. बायको गेल्यावर त्यांचाही गुडघा धरला होता, काठी टेकत फाटकापर्यंत यायचे. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांची चाल सुधारली. काठी घरात राहिली. कुणी विचारलं की मास्तर पेला उंच धरून सांगायचे, "यू पोनिराहचा कडू!" त्यांच्या शब्दावर रुळापलीकडच्या म्हाताऱ्याही माझी वाट बघायला लागल्या. मीही मनाशी म्हटलं, मास्तरांचा सुटला तर माझा का नाही सुटणार? उरलेला सगळा कडू मी रोज संध्याकाळी स्वतः ढोसायला लागले. पहाटे कचोरा वाटायला पाट्यापाशी बसायचं आणि उठताना भिंतीला नखं रुतवायची, यात काही फरक पडला नाही. पोट तेवढं बिघडलं.

मुलगी रुस्मी जाकार्ताजवळच्या कारखान्यात आहे. शेजारच्या यान्तीने तिला फोनवर सांगून टाकलं असणार. एक दिवस रुस्मीचा फोन आला.

"माक, ईदला येते तेव्हा सामान बांधून ठेव. आता पुरे झाली टोपली."

"कशाला? मी ठणठणीत आहे."

"ठणठणीत? यान्ती म्हणते तू न्हाणीघरात खुर्ची नेतेस."

"यान्तीची जीभ एकदा लिंबाने घासायला हवी."

रुस्मीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना शिडीसारखा उभा. मी पाहिला आहे तो. एकदा चढले असते तर खाली उतरले असते ती मयतालाच. दिवसभर एका खिडकीशी बसायचं, ओळखीचं कुणी नाही, कुणाला हाक मारायची नाही. पोरीच्या मायेला मी नावं ठेवत नाही, पण मला त्या खोलीची भीती वाटायची. ईदच्या आत पाय सुधारला नाही तर मी तिथं जाणार, हे मला धडधडीत दिसत होतं.

म्हणून गेले शेवटी दवाखान्यात. आमच्या वस्तीतल्या नाही. तिथं बाकावर सगळी माझीच गिऱ्हाइकं बसलेली असतात. मी गेले नदीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात. यान्तीला सांगितलं, नात्यातलं कुणी वारलं आहे, भेटून येते.

तिथं रेत्नो नावाची मुलगी होती, सांध्यांचे व्यायाम शिकवणारी. डॉक्टरांनी फोटो काढून तिच्याकडे पाठवलं.

"या, म्बाह, बसा."

म्बाह म्हणजे आजी! मला आजवर सगळं गाव यू म्हणत आलं, ताई म्हणत आलं. पण खुर्चीत बसताना माझ्याच तोंडून "आई गं" निघालं, तेव्हा तिला काय बोलणार?

"हाडांच्या मधली गादी झिजली आहे, म्बाह. ती पुन्हा भरून येत नाही."

"मग मी इथं कशाला आले?"

"गादी गेली तरी मांडी आहे ना? मांडी बळकट केली की गुडघ्याचा भार ती उचलते. दुखणं पूर्ण जाणार नाही, पण त्याच्याबरोबर नीट राहता येईल. उकिडवं बसायचं नाही. सकाळी गरम कपड्याने शेकायचं. चालायचं, पण थांबून थांबून. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. आणि थोडं वजन उतरवा." मग तिने सहज विचारलं, "पाठीवर काय उचलता?"

"काही नाही. बाजारहाट."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेल्याने तिथं इतक्या वर्षांत खाच पाडली आहे, बोट बसेल अशी.

"जामू?" ती म्हणाली.

मी खांदा मागे घेतला.

"टोपली पाठीवर राहिली तर मी काही करू शकत नाही, म्बाह. खरं सांगते."

"आणि काठी घेतली तर माझ्याकडून कोण घेईल? तू घेशील?"

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "गुरुवारी वर्ग असतो. या तर खरं."

गेले. मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, सगळी म्हातारी मंडळी. रेत्नो पुढे उभी राहून सांगत होती. "पाय उचला, सरळ करा, धरून ठेवा, सोडायचा नाही... पाक गुरू! गुडघा सरळ! शाळेत काय असंच शिकवायचात?"

मी मान वळवली. शेवटच्या खुर्चीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले सुवांदी मास्तर होते. त्यांनीही त्याच वेळी माझ्याकडे बघितलं. दोघांचेही पाय हवेत. खाली ठेवायचं भान दोघांनाही राहिलं नाही. रेत्नो म्हणाली, "वा! हे असं धरून ठेवायचं. बघा सगळ्यांनी."

वर्ग संपल्यावर नदीच्या पुलापाशी बाक आहे, तिथं बसलो. बसावंच लागलं, पुढे चालवत नव्हतं.

"कधीपासून येता?" मी विचारलं.

"पावसाळ्याच्या आधीपासून."

"आणि माझा कडू?"

"तोही घेतो की."

"गुडघा कशाने सुटला, पाक गुरू?"

मास्तर बुटाच्या टोकाकडे बघत राहिले. "आता काय सांगू, यू. पोटाला फार चांगला आहे तो."

"पोटाला!"

मला रागाने ताडकन उठून चालू लागायचं होतं. पण ताडकन उठणं आता माझ्या नशिबात नव्हतं. बाकाला धरून अर्धी उठले आणि परत बसले. मास्तरांनी हात पुढे केला, तो मी घेतला नाही.

"अख्ख्या गल्लीला ओरडून सांगत होता तुम्ही! कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही एवढ्या विश्वासाने पेला पुढे करायचात. पहिल्यांदा काठीशिवाय फाटकापर्यंत आलो तेव्हा तुमचा चेहरा असा फुलला, की मला म्हणवेना, हे त्या पोरीच्या कवायतीमुळे झालं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आमच्याकडे हे असंच आहे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस महिनोन् महिने किराईत पितो आणि वर "वा" म्हणतो.

"तुमच्या शब्दावर मी स्वतः रोज तांब्याभर पीत होते," मी म्हटलं. "आतडी पिळवटली माझी."

मास्तरांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं, आणि ते दाबलेलं मला दिसलं. मग मी त्यांच्याशी बोललेच नाही. पुलावरून परत येताना ते दहा पावलं मागून चालत होते. दोघंही लंगडत. लोकांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

त्यानंतर मी मागच्या बोळातून फिरू लागले. मास्तरांचं फाटक टाळलं. राग होता, पण रागापेक्षा शरम जास्त. वाटायचं, आपण आयुष्यभर काय विकलं? बाळंतिणी येऊन सांगत, बरं वाटलं. रिक्षावाले सांगत, अंग मोकळं झालं. ते सगळेच काय मला बरं वाटावं म्हणून सांगत होते? हा विचार दुखण्यापेक्षा वाईट होता. पाटा-वरवंटा पुढ्यात घेऊन मी नुसती बसून राहायची.

पण गुरुवार चुकवला नाही, फक्त मास्तरांपासून लांबची खुर्ची धरायची. दर गुरुवारी मी यान्तीसाठी एकेक नातेवाईक मारत होते. शेवटी यान्ती म्हणाली, "यू, तुमच्या गावात आता कुणी जिवंत उरलंय का?" तेव्हा मी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सारोंग वर करून गुडघा दाखवला. सुजून नारळाएवढा झालेला. ती पोरगी माझ्यासारखीच टोपली वाहते. तिने लगेच चुलीवर पाणी ठेवलं आणि फडकं पिळून शेकायला बसली.

रेत्नोने घरी करायचे प्रकार सांगितले होते. एकात पाठीवर निजायचं, पावलात पट्टा अडकवायचा आणि पाय हळूहळू वर ओढायचा. पट्टा कुठून आणू? दाराच्या खिळ्याला आईचा शेला होता. तो पावलात अडकवला. दोन्ही टोकं हातात धरली आणि ओढलं. ज्या शेल्याने एवढी वर्षं भार खाली ओढला, तो आता पाय वर ओढत होता. मला रडू आलं. आईला हे आवडलं नसतं. की आवडलं असतं? तिचेही गुडघे शेवटी वाकत नव्हते. ती म्हणायची, वारं लागलंय.

सुटका अशी झाली नाही, हे सांगून टाकते. कळ गेली नाही. पण हळूहळू पाट्यापाशी बसायचं सोडून मी स्टुलावर बसून ओट्यावर वाटायला लागले, भिंतीला नखं लावायची गरज उरली नाही. रात्रीचा भात कमी केला. एका गल्लीनंतर टेकायला जागा हेरून ठेवली. काही सकाळी बऱ्या जात, काही सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधीच मी दमलेली असे. त्या दिवशी रेत्नोच्या नावाने बोटं मोडायची आणि पाय उचलायचा.

टोपलीचं मात्र ठरवावंच लागलं. यान्तीला म्हटलं, "रुळापलीकडच्या गल्ल्या तू घे. मला तो चढ आता जमायचा नाही."

"पण यू, तिथली माणसं मला यू पोनिराहच म्हणतील."

"म्हणू देत थोडे दिवस. मग विसरतील."

बोलून गेले. तिथल्या प्रत्येक फाटकाची कडी कशी वाजते ते मला माहीत आहे. कुणाच्या पोटी कोण, कुणाला गोड जास्त लागतं, कुणाचा नवरा चोरून दोन पेले घेतो. ते सगळं मी एका वाक्यात देऊन टाकलं.

यान्तीच्या नवऱ्याने जुन्या बाबागाडीच्या चाकांवर लाकडी खोकं बसवून दिलं. बाटल्या त्यात राहिल्या. दांड्याला काठी अडकवायची सोय केली. रुस्मीला फोन करून सांगितलं, "ईदला ये, पण मला न घेता, रिकाम्या हाताने परत जायचं. मी काठी घेतलीय."

"तू? काठी? लोकांसमोर?"

"लोकांसमोर."

ती मग म्हणाली, "माक, चांगली रबराची टोपी असलेली घे. नुसत्या लाकडाची घसरते."

पहिल्या सकाळी मी नेहमीसारखा अंबाडा घातला, पावडर लावली आणि गाडी ढकलत निघाले. पाठ मोकळी होती आणि तरी पुढे वाकलेलीच. प्रत्येक फाटकाशी थांबले की खांदा आपोआप खाली जायचा, टोपली उतरवायला. टोपली नव्हती. काही फाटकं उघडली, काही उघडली नाहीत. पडदे हलले ते मात्र दिसले.

बू विविक बाहेर आली आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई, यू! काठी? मग त्या कडूचा काय उपयोग?"

"कडू पोटाला चांगला, बू. गुडघ्याला कवायत लागते. तुमच्या सासूबाईंनाही सांगा, नुसतं पडून राहू नका म्हणावं. मी शिकवीन."

"जामूवालीच असं बोलायला लागली तर झालंच." तिने गोडाचा पेला घेतला. कडू नको म्हणाली. पेला संपवून आत गेली आणि खिडकीशी उभी राहिली. मी तरी काय करणार? जे होतं ते सांगितलं.

समोर मास्तरांचं फाटक. इतक्या दिवसांनी मी त्याच्याकडे नीट बघितलं. खांबावर त्यांचा पेला धुऊन उपडा ठेवलेला होता. मी हे फाटक टाळल्यावर इथं यान्ती थांबायची; तिनेच मला सांगितलं होतं, पेला रोज ठेवतात आणि दुपारी उचलतात, तिच्याकडून घेत नाहीत. आज फाटकाशी दोन खुर्च्याही होत्या.

"बसा, यू," मास्तर म्हणाले.

"खुर्चीवर? तुमच्यासमोर?" गिऱ्हाइकापुढे जामूवाली खाली बसते. त्यातून मास्तरांपुढे.

"खाली बसता येतं का?"

"नाही."

"मग वर बसा. मलाही उभं राहवत नाही."

बसले. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. हात कुठं ठेवावेत कळेना. मी कचोऱ्याच्या बाटलीला हात घातला.

"कडू," मास्तर म्हणाले.

"आता कशाला? कुणालाही वाईट वाटणार नाहीये."

"यू, बायको गेल्यापासून सकाळी माझ्या दारात येऊन हाक मारणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. मुलगा दूर बाताम बेटावर. महिन्यातून एकदा फोन करतो. ते सुरुवातीचे दिवस मी उठलोच नसतो अंथरुणातून. हाक आली म्हणून उठलो, फाटकापर्यंत आलो. दवाखान्यात नंतर गेलो." त्यांनी पेला पुढे केला. "ओता. आणि मागच्या बोळातून जाऊ नका पुन्हा."

मी कडू ओतला. पेला काठोकाठ भरला. मास्तरांनी डोळे मिटून एका दमात घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि "वा" म्हणाले.

"पुरे झालं ते 'वा'," मी म्हटलं.

"बरं. भयंकर आहे."

दोघंही हसलो, आणि त्यात माझ्या हातातलं बूच निसटलं. टपकन खाली पडलं, गडगडत आमच्या दोघांच्या मधोमध थांबलं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"घ्या," मास्तर म्हणाले.

"तुम्ही घ्या. कवायत तुम्ही शिकवायचात."

त्यांची जुनी काठी आज पुन्हा खुर्चीला टेकलेली होती, तिने त्यांनी ते माझ्याकडे ढकललं. मी माझी काठी आडवी लावली. बूच काठीवर चढल्यासारखं झालं, घसरलं आणि गटाराच्या कडेला जाऊन पडलं.

समोरच्या खिडकीतून आवाज आला. "काय हरवलं, यू?"

"बूच!" मी ओरडले. मग जरा थांबले. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. "बू, मला वाकता येत नाही. येऊन उचलून देता का?"

फाटकाची कडी वाजली. बू विविक आली, चटकन वाकली, चटकन उठली. मी बसल्या जागेवरून हात पुढे केला.